गाडीच्या एसीचा गॅस सारखा का संपतो? उत्तर एका छोट्याशा बोल्टमध्ये असू शकतं!

मार्च संपत आला की गॅरेजमध्ये एक ठरलेला संवाद ऐकू येतो.

"दादा, एसी थंड करत नाहीये."

"गॅस संपला असेल साहेब. भरून देतो."

गॅस भरला जातो, जाळीतून गार वारा यायला लागतो, तुम्ही पैसे देऊन खुशीत घरी येता. आणि मे महिन्यात, नेमकं गावाला निघाल्यावर, तोच एसी पुन्हा पंख्यासारखा वारा फेकायला लागतो. परत गॅरेज, परत "गॅस संपला".

आता एक साधा प्रश्न. गॅस संपतो म्हणजे जातो कुठे?

पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीचा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम पडतो, मग डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्ये तो केबिनची उष्णता शोषून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. या फेऱ्यात तो खर्च होत नाही.

रबरी पाइपमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतो, हे खरं. पण भरलेला गॅस दोन-तीन महिन्यांत गायब होत असेल तर त्याला एकच शब्द आहे, गळती. आणि काम झाल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल, तर पहिला संशय जिथे काम झालं त्या जोडावर घ्यायला हवा. म्हणजेच तिथल्या रबराच्या रिंगवर आणि ती जागेवर धरून ठेवणाऱ्या बोल्टवर.

बोल्ट आवळणं यात काय एवढं? पाना लावायचा, जोर करायचा, झालं. पण खरी गोम इथेच आहे.

आधी दाब समजून घेऊ

तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. एसीच्या नळ्यांमध्ये, गाडी बंद असताना आणि बाहेर ३० अंश तापमान असताना, आर-१३४ए या नेहमीच्या गॅसचा दाब १०० पीएसआयच्या आसपास असतो. एसी सुरू केला की कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला तो २०० पीएसआयच्या वर जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की आणखी वर.

म्हणजे टायरच्या सहा-सात पट दाब, तोही अॅल्युमिनिअमच्या बारीक नळ्यांमध्ये. या नळ्या जिथे कॉम्प्रेसरला, कंडेन्सरला आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हला जोडलेल्या असतात, तिथे बहुतेक वेळा एक चपटा धातूचा ठोकळा असतो, त्याखाली रबराची ओ-रिंग असते आणि ठोकळ्याला धरून ठेवणारा फक्त एक बोल्ट असतो. गाडी रोज खड्ड्यांतून आदळते, इंजिन थरथरतं, बॉनेटखालचं तापमान वरखाली होतं. तरी त्या एका बोल्टने वर्षानुवर्षं जोड हलू द्यायचा नाही, ही अपेक्षा.

बोल्ट म्हणजे खरं तर एक स्प्रिंग

आपल्याला वाटतं की बोल्ट आटे अडकल्यामुळे पकडून ठेवतो. ते अर्धंच खरं आहे. बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण ताणला जातो. ताणलेलं रबर जसं परत आखडू पाहतं, तसा हा ताणलेला बोल्टही आखडू पाहतो आणि त्या ओढीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे.

हा दाब किती असावा? एसीच्या जोडात बऱ्याचदा ६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट असतो, म्हणजे शिसपेन्सिलीहूनही बारीक. तो १० न्यूटन-मीटरने आवळला तर साध्या गणिताने जवळपास ८०० किलो वजनाइतका दाब तयार होतो. एका छोट्या हॅचबॅक गाडीचं वजन म्हणा ना!

आणि १० न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती? पाव मीटर लांब पान्याच्या टोकावर ४ किलोचा जोर. बस्स, एवढाच. पान्यावर अंगाचा भार टाकला की आपण याच्या किती तरी पुढे गेलेले असतो. तेवढा दाब साध्या पोलादी बोल्टच्या क्षमतेच्या सुमारे ७० टक्के असतो. म्हणजे "अजून एक शेवटचा झटका" द्यायला तिथे फारशी जागाच उरलेली नसते.

शंभरातले फक्त दहा रुपये

इथे अजून एक गंमत आहे. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला फार थोडा भाग बोल्ट ताणायला कामी येतो. इंजिनिअरिंगमधला ढोबळ हिशोब असा आहे: शंभर रुपयांचा जोर लावला तर जवळपास पन्नास रुपये बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांमधल्या घर्षणात जातात आणि खऱ्या कामाला उरतात फक्त दहा.

याचा अर्थ घर्षण थोडं जरी बदललं तरी सगळा हिशोब बदलतो.

बोल्ट गंजलेला असेल, आट्यांत माती असेल, तर जोर घर्षणातच संपतो. हाताला वाटतं घट्ट झालं, पण जोड सैलच राहतो. याच्या उलट, आट्यांना तेल लागलं असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. घर्षणाचा आकडा पाव भागाने कमी झाला तर ताण एक तृतीयांशाने वाढतो. मघाचा ८०० किलोचा दाब मग ११०० किलोच्या आसपास जातो आणि बोल्ट त्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर येतो.

म्हणून नियम असा की ओ-रिंगला एसीचं तेल लावायचं, पण बोल्टचे आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तेल किंवा थ्रेड लॉक लावायला सांगितलं असेल तरच लावायचं. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे एकाच बोटाने दोन्हीकडे तेल फासण्याची चूक सहज होते.

जास्त आवळलं तर गळती थांबते ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. नळाची जुनी तोटी आठवा. ती गळायला लागली की आपण अजून पिळायचो, काही दिवस थांबायची, मग आतला वायसर कायमचा फाटायचा. एसीच्या जोडाचं तर त्याहून वेगळं आहे.

ओ-रिंग एका मोजून केलेल्या खाचेत बसते. ती किती दाबली जाईल हे खाचेच्या मापावरून ठरतं, तुमच्या जोरावरून नाही. धातूचे दोन्ही भाग एकमेकांना टेकले की ओ-रिंग हवी तेवढी दाबली गेलेली असते. त्यानंतर बोल्ट कितीही पिळा, रबरावर जास्तीचा दाब येत नाही. जास्तीचा सगळा मार धातू खातो.

मग काय काय होतं?

पहिलं, ठोकळा तिरका होतो. बोल्ट एका बाजूला आणि नळी दुसऱ्या बाजूला असल्यामुळे जास्त आवळल्यावर ठोकळा किंचित वाकतो आणि नळीच्या बाजूने फट पडू शकते. म्हणजे गळती थांबवायला आवळलं आणि त्यानेच गळती झाली.

दुसरं, आटे जातात. बोल्ट पोलादाचा आणि ज्यात तो बसतो तो भाग अॅल्युमिनिअमचा. दोघांच्या कुस्तीत अॅल्युमिनिअम हरतं. आटे गेले की बोल्ट नुसता फिरत राहतो. मग त्या भोकात तारेच्या नव्या आट्यांची हेलिकॉइल बसवायची, नाहीतर आख्खा भाग बदलायचा. बोल्ट मिळतो काही रुपयांत, कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसरसाठी हजारो मोजावे लागतात.

तिसरं, बोल्ट कायमचा ताणला जातो. स्प्रिंग जास्त ओढली की ती परत पहिल्यासारखी होत नाही, तसंच. बाहेरून बोल्ट धडधाकट दिसतो, पण त्याची पकड गेलेली असते. कधी तो त्याच वेळी तुटतो, कधी दोन महिन्यांनी रस्त्यात.

टॉर्क रेंचचा जन्मही गळतीतूनच

किती जोर लावला हे मोजणाऱ्या पान्याला टॉर्क रेंच म्हणतात. ठरवलेल्या आकड्यावर पोचलं की तो "टक्" असा आवाज करतो. १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांना या पान्याचं श्रेय दिलं जातं. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपांचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत, ही त्यांची अडचण होती. शंभर वर्षांनंतर आपल्या गाडीच्या एसीत तीच अडचण आहे.

टॉर्क रेंच जादूची कांडी नाही. घर्षण कमीजास्त असल्यामुळे टॉर्क रेंच वापरूनही बोल्टमधल्या ताणात २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असं अभियांत्रिकीत मानलं जातं. पण नुसत्या हाताच्या अंदाजात तो याहून जास्त असतो. आणि मुरलेल्या मेस्त्रीचा हातसुद्धा दिवसभर चाकांचे नट खोलून आला असेल, तर त्या छोट्या बोल्टला तो जोर कसा वाटणार?

अजून तीन सापळे आहेत.

एक, "दहाचा बोल्ट". गॅरेजमध्ये बोल्ट पान्याच्या नंबराने ओळखतात. दहाचा पाना लागतो म्हणून दहाचा बोल्ट. पण तो बोल्ट असतो ६ मिलिमीटरचा! टॉर्कच्या तक्त्यात १० मिलिमीटरची ओळ बघून आवळला तर तो तुटणारच.

दोन, चुकीचा रेंच. चाकाच्या नटला साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात. त्यासाठीचा मोठा रेंच बहुतेक ४० च्या खाली मोजतच नाही. १० न्यूटन-मीटरच्या बोल्टला छोटा रेंचच हवा. टॉर्क रेंच त्याच्या मापाच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाचा नसतो.

तीन, एककांचा गोंधळ. परदेशी व्हिडिओंमध्ये कधी फूट-पाउंड असतं, कधी इंच-पाउंड. दोन्हींत १२ पटींचा फरक आहे. १० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ७.४ फूट-पाउंड किंवा ८८ इंच-पाउंड. ८८ हा आकडा चुकीच्या खुणेवर लावला तर काय होईल, ते सांगायला नको.

मग बरोबर पद्धत कोणती?

एक गोष्ट आधीच सांगतो. एसीचा गॅसचा जोड घरी उघडायचा नाही. आत दाब असतो, बाहेर पडणारा द्रव त्वचेला किंवा डोळ्याला लागला तर हिमदंश होतो. काही नव्या गाड्यांमधला आर-१२३४वायएफ गॅस पेट घेऊ शकणारा आहे. गॅस आधी मशीनने काढून घ्यावा लागतो. पण काम बरोबर चाललंय की नाही हे कळायला पद्धत माहीत हवी.

१. गॅस मशीनने काढून घेतल्यावरच जोड उघडायचा. उघडलेल्या नळ्यांची तोंडं लगेच बंद करायची, कारण हवेतली ओल आत गेली की ती एसीची शत्रू.

२. जुनी ओ-रिंग पुन्हा वापरायची नाही. नवी, त्याच मापाची आणि त्या गॅसला चालणारी घ्यायची. काही गाड्यांत ओ-रिंगऐवजी धातू आणि रबराचा चपटा वायसर असतो, तोही एकदाच वापरायचा.

३. दोन्ही पृष्ठभाग आणि आटे न ओरखडता पुसून घ्यायचे.

४. नळी आधी हाताने सरळ, पूर्ण आत बसवायची. बोल्टने ओढून बसवायची नाही. ओ-रिंग चिमटली जाते ती इथेच.

५. बोल्ट हाताने सुरू करायचा. आधी किंचित उलटा फिरवायचा, आटे जुळल्याचा हलका "टक्" जाणवला की मग सुलटा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. नाही गेले तर आटे तिरके चढतायत, काढून पुन्हा लावायचा. इम्पॅक्ट गनने बोल्ट सुरू केला तर ही चूक कळायची सोयच राहत नाही.

६. मग त्याच गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंच लावून, झटका न देता, सावकाश आवळायचं. एकदा "टक्" झालं की थांबायचं. खात्रीसाठी अजून दोनदा "टक् टक्" करणं म्हणजे जास्त आवळणंच.

७. जिथे बोल्टऐवजी नळीवरच मोठा नट असतो तिथे दोन पाने लावायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. नाहीतर नटाबरोबर अॅल्युमिनिअमची नळीच पिळली जाते.

८. कॉम्प्रेसर इंजिनला धरणारे तीन-चार बोल्ट मोठे असतात. ते आधी सगळे हाताने लावायचे, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे. एकच आधी पूर्ण घट्ट केला तर कॉम्प्रेसर तिरका बसतो, पट्टा एका रेषेत राहत नाही आणि गाडी चालू करताना चिरकायला लागते.

हीटरची बाजू वेगळी आहे. तिथे गॅस नसतो, इंजिनचं गरम कूलंट फिरतं. पण थर्मोस्टॅटच्या झाकणाला किंवा वॉटर पंपाला हाच नियम. तिथेही बोल्ट छोटे आणि धातू बऱ्याचदा अॅल्युमिनिअम. समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले नाहीत तर झाकण वाकतं आणि कूलंट झिरपतं. कूलंट कमी झालं की हीटर गरम होत नाही ही लहान गोष्ट, इंजिन तापतं ही मोठी. आणि हो, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

"व्हॅक्यूम होल्ड झाला" म्हणजे पास?

काम झाल्यावर मशीनने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेतात आणि काट्याकडे बघतात. काटा हलला नाही की "लीक नाही साहेब". ही तपासणी हवीच, पण ती पुरेशी नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते, तीही जास्तीत जास्त १५ पीएसआयच्या आसपास. प्रत्यक्षात गॅस आतून बाहेर ढकलणार असतो, तोही २०० च्या वर. आत ओढल्यावर घट्ट बसणारी रिंग बाहेर ढकलल्यावर गळू शकते.

म्हणून संशय असेल तर नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने, किंवा गॅस भरल्यावर इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरने जोड तपासतात. नायट्रोजनऐवजी कॉम्प्रेसरची साधी हवा भरणं मात्र टाळायला हवं. आर-१३४ए आणि हवा जास्त दाबाखाली एकत्र आली तर मिश्रण पेटू शकतं.

तुमच्या खिशापलीकडचा हिशोब

छोट्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत गेला तर ७०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा धूर निघतो!

याच कारणामुळे युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारगाड्यांमध्ये हा गॅस वापरता येत नाही. भारतानेही २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून अशा वायूंच्या वापराला मर्यादा येईल, २०३२ पासून कपात सुरू होईल आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर जाईल.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एवढं विचारा

"गॅस संपला" ऐकलं की, "गळती कुठून आहे ते आधी बघूया का?"

जोड उघडला असेल तर, "ओ-रिंग नवी टाकली ना?"

बोल्ट लावताना, "टॉर्क किती आहे याचा?"

आणि शेवटी, "गॅस किती ग्रॅम भरला?" हा आकडा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी गॅस काढताना किती निघाला हे मशीनवर दिसतं. दोन आकड्यांची वजाबाकी केली की गळती आहे की नाही ते कळतं, वादच नको.

हे विचारताना मेस्त्रीची परीक्षा घेतोय असा सूर नको. चांगल्या मेस्त्रीला असे प्रश्न आवडतात, कारण त्यालाही गाडी पुन्हा त्याच तक्रारीसाठी दारात नको असते. आणि ज्याच्या खोक्यात छोटा टॉर्क रेंच दिसेल, त्याचा नंबर जपून ठेवा. तो गॅस कदाचित एकदाच भरेल, पण तो टिकेल.